हैदराबादचा विमानतळाचा पूल आणि आपली गलाईवाली माणसं : अनुभव लिहा

दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धांच्या पालख्यांची शर्यत बघायला उभं राहिलं की शेजारच्याला नुसतं विचारायचं, कुठनं आलाय? कोण कोलकात्याहून, कोण कोचीहून, कोण दिल्लीहून. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली, त्यातली बरीच हैदराबादला. यंदा गर्दीत माझ्या पुढं दोन बायका बोलत होत्या. एक म्हणाली, "येताना पुलावर गाडी चढली आन् मला रडूच आलं." कोणता पूल ते मला विचारावं लागलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेहदीपट्टणम ते आरामघर, 11.6 किलोमीटर, सगळा खांबांवर उचललेला रस्ता. नाव पी. व्ही. नरसिंह राव एक्सप्रेसवे. आरामघरला उतरलं की पुढं शमशाबादचा विमानतळ. शहरातल्या बेगमपेठेतून विमानतळ मार्च 2008 मध्ये तिकडं लांब गेला आणि पूल सुरू झाला ऑक्टोबर 2009 मध्ये. मधलं दीड वर्ष सगळी वाहतूक खालून, कामाच्या राडारोड्यातून.

त्याच दीड वर्षात माझी आजी गेली. जून 2009. पहाटे फोन आला. वडिलांनी भट्टी तशीच सोडली, पुण्याच्या विमानाचं तिकीट काढलं आणि रिक्षानं निघाले. वाटेत अत्तापूरला रस्ता अडला तो अडलाच. डोक्यावर पूल जवळजवळ पुरा झालेला, वर चिटपाखरू नाही, आणि खाली हे गाड्यांच्या गर्दीत. विमान चुकलं. मग रात्रीच्या बसनं सोलापूर, तिथून पंढरपूर, तिथून विटा. आले तेव्हा माती होऊन गेली होती. ओसरीवर बसून पायातले बूट काढायचंही त्यांना सुचत नव्हतं, ते मी काढले. तेजाबानं पिवळी पडलेली त्यांची बोटं त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट बघितली.

म्हणून हा धागा. त्या रस्त्यावरचं जे काही आठवत असेल ते लिहा. लहान असलं तरी लिहा.

*खानापूर, सध्या चारकमान, हैदराबाद*

ताई, तुमचं वाचून बराच वेळ गप्प बसलो. माझी गोष्ट तेवढी जड नाही.

पुलावर दुचाकीला बंदी आहे. माझ्याकडं इतकी वर्षं स्कूटरच. आई पहिल्यांदा विमानानं आली तेव्हा तिला आणायला मी स्कूटरवर गेलो, चुलतभाऊ टॅक्सी घेऊन आला. विमानतळाबाहेर आली तर काखेत गाठोडं: ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि आमच्या बांधावरच्या चिंचेचा गोळा. तिला टॅक्सीत बसवलं आणि मी मागं. आरामघरला टॅक्सी वर चढली, मी खाली राहिलो. खांबांवर नंबर टाकलेले आहेत, इथं पत्तेसुद्धा खांबांच्या नंबरवर सांगतात. ते नंबर मोजत मी मेहदीपट्टणमपर्यंत आलो. ती रस्त्याकडेला गाठोडं पोटाशी धरून उभी. म्हणाली, "कुठं हुतास रं इतका वेळ?" म्हटलं, "तुझ्या खालीच हुतो आये."

तिला ते फार आवडलं. गावात सगळ्यांना सांगायची, माझा लेक खालनं आला, मी वरनं.

*आटपाडी*

मी डाळिंबाची गाडी घेऊन सोलापूरमार्गे हैदराबादला जातो. अवजड गाडीला वर प्रवेश नाही, त्यामुळं पूल मी फक्त खालून बघितलाय. सावली चांगली पडते.

*कडेगाव*

एक गोष्ट सांगायलाच हवी. या रस्त्याला दोन्ही बाजूंना दोन-दोनच लेन, चढा-उतरायला मध्ये मोजकेच रॅम्प. 2017 ला बहिणीच्या हळदीसाठी निघालो होतो. टॅक्सी पुलावर पंक्चर झाली आणि ड्रायव्हरकडं स्टेपनी नाही! बाजूला घ्यायला जागा नाही, चालत खाली उतरायला जिना नाही. बायको कडेवर पोर घेऊन कठड्याला चिकटून उभी, अंगाला वारा लावत गाड्या जातायत. विमानाचं मला काही वाटेना, त्या दोघांचीच भीती वाटली. पाऊण तासानं दुसरी गाडी आली. हळद चुकली, अक्षतांना पोचलो.

तेव्हापासून गाडीत बसायच्या आधी डिकी उघडायला लावतो आणि स्टेपनी हातानं दाबून बघतो. तुम्हीही बघा, लाजू नका. आणि गच्चीबावलीकडं राहणाऱ्यांनी या पुलाच्या वाटेला जाऊच नये, बाहेरचा रिंग रोड थेट विमानतळाजवळ नेतो.

*विटा, वय 74*

मी 1979 ला गेलो तेव्हा विमान हा आमच्या बोलण्यातलासुद्धा विषय नव्हता. गावाकडून तार यायची, ती मिळेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. पोरांनो, तुम्हाला विमान चुकल्याचं दुःख आहे, ते खरंच आहे. आम्हाला धावायलाही काही नव्हतं.

नावाविषयी थोडं. नरसिंह राव तेलंगणाचे, पण 1984 आणि 1989 ला ते लोकसभेवर निवडून गेले ते आपल्या रामटेकमधून. मराठी उत्तम बोलायचे. परक्या मुलखात आपली भाषा जाणणाऱ्या माणसाच्या नावाचा रस्ता आहे, याचं मला समाधान वाटतं. दुकानातल्या नव्या पोराला मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, कशी धरायची, सवागी, म्हणजे टाकणखार, किती टाकायची हे शिकवताना मी हेही सांगायचो.

*विटा (धागा काढणारी)*

आजोबा, तार हा शब्द वाचून पोटात कालवलं. वडिलांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर लिहिलंय," आणि उठून परड्यात गेले.

स्कूटरवाल्या दादांना एक सांगायचंय. रस्ता चांगला झाला, माणसं लवकर पोचू लागली, हे मी मानते. पण आपली बहुतेक माणसं दुचाकीवाली. शहराबाहेर गेलेल्या विमानतळाची वाट पैसेवाल्याला वरून आणि बाकीच्यांना खालून, हे मला पटत नाही. वरचा रस्ता बांधताना खालच्या रस्त्याकडंही तेवढंच बघायला हवं होतं.

*अत्तापूर, हैदराबाद. मूळ गाव विट्याजवळ*

मी इथंच जन्मले, त्यामुळं माझं उलटं आहे. सुट्टीला गावी जायचो तेव्हा पूल चढताना बाबा खुश, मी रडवेली. परत येताना 126 नंबरचा खांब आला की मला हायसं वाटायचं, कारण त्याच्या समोरच्या गल्लीत आमचं घर. मराठी मी घरात बोलते, तेलुगू गल्लीत, हिंदी कॉलेजात. गाव कोणतं विचारलं की विटा सांगते आणि मनात खांब येतो. हे चूक आहे का मला माहीत नाही.

आता कोल्हापूरहून विमान असतं. उजळाईवाडीला बसलं की तासा-सव्वा तासात इथं. गेल्या महिन्यात बाबांना आणायला गेले होते. शमशाबादहून निघालो, आरामघरला गाडी पुलावर चढली तसं त्यांनी घड्याळ बघितलं आणि विट्याला काकूंना फोन लावला, "पोचलू गं, काळजी करू नगंस." घर अजून वीस मिनिटं लांब होतं. मी काही बोलले नाही. दर वेळी ते तिथूनच फोन लावतात.