सल्ला हवा: खिडकीच्या ग्रिलमध्ये लेट्यूस कधी लावू? बजेट ५०० रुपये

दहिसरकरीण:
नमस्कार मंडळी. दुसरा मजला, पूर्वेकडची बॉक्स ग्रिल, सकाळी ११ पर्यंत ऊन. मुलीला डब्यातल्या सँडविचमध्ये लेट्यूस लागतं आणि बाजारातून आणलेला गड्डा तिसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये काळा पडतो. जूनमध्ये बी पेरलं होतं, एकही उगवलं नाही. आता ऑक्टोबर अर्धा गेलाय. आइसबर्गच्या, म्हणजे गड्डा धरणाऱ्या लेट्यूसच्या, बियांचं पाकीट घरात आहे. आत्ता पेरू की थांबू? माती, कुंड्या धरून ५००च्या आत बसवायचंय.

पवईचा_पाईपवाला:
मातीच्या भानगडीत पडूच नका. मी ७ हजारांचा हायड्रोपोनिक्सचा, म्हणजे मातीऐवजी पाण्यात रोपं वाढवायचा, सेट घेतला, २४ भोकांचा. रोपांसाठीचे ग्रो लाइट वेगळे. चिखल नाही, काही नाही. गेल्या रविवारी सहा जणांचं सॅलड एका वेळी काढलं.

लालबागकर:
ताई ५०० म्हणतायत. लेट्यूस सोडा, मेथी लावा. घरातलेच दाणे, पसरट डबा, वाळू मिसळलेली माती. वाळूतली कोवळी समुद्रमेथी तर आपल्या मुंबईचीच. आम्ही वर्षभर खातो.

मुलुंडमाळी:
ताई, थांबा. लेट्यूसच्या बीला साधारण ३० अंशांवर झोप लागते. बी खराब नसतं, उगवत नाही एवढंच. ऑक्टोबरच्या दुपारी आपल्याकडे पारा त्याच्या वरच असतो. मी सात हिवाळे लावतेय. पहाटे पंखा कमी करावासा वाटला की पेरते, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर. मग दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं, जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत.
बी ओल्या टिश्यूत घडी करून डबीत घाला, डबी फ्रीजमध्ये २-३ दिवस. मग मातीवर नुसतं भुरभुरवायचं, वरून चिमूटभर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). जिऱ्याहून बारीक बी, त्याला उजेड लागतो. जूनमध्ये किती खोल पेरलं होतं?

दहिसरकरीण:
बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत.

मुलुंडमाळी:
मग उकाड्याइतकाच तोही दोष. खर्चाचं म्हणाल तर मुळं उथळ असतात, ६ इंच खोली पुरते. मासेवालीकडून थर्माकोलची पेटी मागून घ्या, तळाला भोकं पाडा. कोकोपीटची वीट, गांडूळखत आणि थोडी माती. ५०० लागणारच नाहीत. थर्माकोलमुळे मुळं तापत नाहीत.

चेंबूरकर_निवृत्त:
मासळीची पेटी घरात? वास जात नाही हो.

मुलुंडमाळी:
जातो. साबणाने तीनदा धुवायची, दोन दिवस कडक उन्हात ठेवायची. माझ्या चार आहेत.

चेंबूरकर_निवृत्त:
असेल. पण कबुतरांचं काय? माझी २० रोपं चार-चार पानांवर आली होती. खाली दूध आणायला गेलो, दहा मिनिटांत परत आलो तर पेटीत नुसते हिरवे दांडे आणि ओल्या मातीत पंजांचे ठसे. सोसायटीत दाणे टाकणारे टाकतातच. तक्रारवही भरली माझी. आधी जाळी, मग बी.

लालबागकर:
दादरचा कबुतरखाना २०२५मध्ये ताडपत्री टाकून बंद केला, तरी खिडक्यांत दाणे टाकणं थांबलंय का? त्यावर आधी बोला.

गोरेगावची_गच्ची:
धागा लेट्यूसचा आहे, दादा. मीही तेच सांगते, थंडीत लावा. आइसबर्ग मात्र नको. गड्डा धरायला त्याला अडीच महिने गारवा हवा, तेवढा आपल्याकडे मिळत नाही. मी हट्टाने लावलं. फेब्रुवारीत मधूनच फुलाचा दांडा वर निघाला. पान तोडलं तर देठातून पांढरा चीक आला, चव कडूजहर. सगळी रोपं उपटली, फार वाईट वाटलं. लोलो रोसो किंवा ओकलीफसारखं मोकळ्या पानांचं घ्या. दीड महिन्यात बाहेरची पानं तोडायला येतात, मधला कोंब राखायचा. पानाखाली मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसला तर पाण्याच्या फवाऱ्याने झोडायचा. मला हे कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

पवईचा_पाईपवाला:
माझ्याकडे कबुतरंही नाहीत, मावाही नाही. सेट घरात असतो.

दहिसरकरीण:
सगळ्यांचे आभार. नोव्हेंबरभर आम्ही गावी, सासूबाईंचं ऑपरेशन आहे. शेजारच्या काकू पाणी घालतील, पण पेरणी त्यांच्यावर टाकवत नाही. म्हणून थांबत नाही. डबी कालच फ्रीजमध्ये ठेवली, रविवारी पेरतेय, आइसबर्गच. गड्डा नकोच मला, पानं बोटभर झाली की कापेन. कोंब वर येईपर्यंत पेटी स्वयंपाकघराच्या फरशीवर, मग ग्रिलमध्ये जाळीखाली. पेटी मासेवालीकडून आणली, दोनदा धुतली.

मुलुंडमाळी:
तिसऱ्यांदा धुवा. आणि पाकीट अर्धंच वापरा. उरलेलं घट्ट डबीत, फ्रीजमध्ये. गावाहून आल्यावर डिसेंबरात पेरा. काकूंना सांगा, पाणी सकाळी, रोपांच्या बुडाशी.