क्रिप्टचं दुसरं अर्ग्युमेंट : ‘सॉल्ट’ म्हणावं की ‘सेटिंग’?

विचारणा : पासवर्ड हॅशिंगच्या (पासवर्डची उलटवता न येणारी स्ट्रिंग, म्हणजे हॅश, बनवण्याच्या) जुन्या सी कोडचं रिफॅक्टरिंग (फेरमांडणी) चाललंय. हॅश काढणाऱ्या क्रिप्ट फंक्शनच्या दुसऱ्या अर्ग्युमेंटचं (त्याला द्यायच्या दुसऱ्या मूल्याचं) नाव ‘सॉल्ट’ आहे, पण त्यात बरंच काही कोंबलेलं असतं. मराठी टिपणात काय लिहू? ‘क्षार’ चालेल?

उत्तर : क्षार-मीठ काही नको, हॅश करताना पासवर्डात मिसळायच्या रँडम तुकड्याला सॉल्टच म्हणा. घोळ भाषांतराचा नाही, मूळ नावातच आहे. डीईएस या जुन्या पद्धतीच्या काळात ते अर्ग्युमेंट खरंच नुसतं सॉल्ट होतं : दोन अक्षरं, १२ बिट, ४०९६ शक्यता. आता $६$ने (एसएचए-५१२ पद्धतीची खूण) सुरू होणाऱ्या स्ट्रिंगमध्ये पद्धत, हवे असल्यास राउंड्स (हॅशिंगच्या फेऱ्या) आणि मग १६ अक्षरांपर्यंत सॉल्ट असतं. क्रिप्ट पुरवणाऱ्या लिबएक्सक्रिप्ट लायब्ररीच्या मॅन पेजवर (माहितीपानावर) या अख्ख्या स्ट्रिंगला ‘सेटिंग’ म्हटलंय. तेच घ्या, ‘सॉल्ट’ फक्त त्यातल्या रँडम तुकड्याला.

आणखी एक : नावं वेगळी केली की चुकाही दिसतात. पासवर्ड बदलताना नवी सेटिंग लागते. तपासताना मात्र साठवलेला हॅशच दुसरं अर्ग्युमेंट म्हणून द्यायचा, कारण त्याच्या सुरुवातीला जुनी सेटिंग असतेच. तिथे नवं सॉल्ट काढलंत तर बरोबर पासवर्डही जुळणार नाही. सॉल्ट बनवणारा स्वतःचा कोड काढून टाका, विशेषतः वेळेवरून सीड (रँडम आकडे काढायला लागणारा सुरुवातीचा आकडा) घेणारा : एकाच सेकंदात बनलेल्या दोन खात्यांना तो एकच सॉल्ट देईल. त्याऐवजी लायब्ररीचं सेटिंग बनवणारं फंक्शन, क्रिप्ट_जेनसॉल्ट_आरए, वापरा. प्रीफिक्स (पद्धतीची खूण) नल (रिकामा पॉइंटर), काउंट (राउंड्सचा आकडा) शून्य, रँडम बाइट्सच्या जागी नल दिलं की लायब्ररी सगळं स्वतः बघते. मिळालेली स्ट्रिंग फ्री करायला (तिची मेमरी सोडायला) विसरू नका. क्रिप्टने नल किंवा ‘*’ने सुरू होणारी स्ट्रिंग परत दिली तर काम फसलंय. न तपासता ती शॅडो फाइलमध्ये (खात्यांचे हॅश साठवणाऱ्या फाइलमध्ये) लिहिलीत, तर त्या खात्याला कुठलाच पासवर्ड चालणार नाही.

मधेच : सॉल्टला ‘बीज’ लिहिलेलं दिसतं. ते सीडसाठी राखून ठेवा.

शेवटचा मुद्दा, ‘अक्षर’ शब्दाचा : पासवर्डची मर्यादा अक्षरांत सांगू नका. बीक्रिप्ट (हॅशिंगची आणखी एक पद्धत) पहिले ७२ बाइटच बघतं, पुढचं मुकाट्याने सोडून देतं. यूटीएफ-८मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (अक्षराचा सुटा घटक) ३ बाइटचा. ‘श्री’ डोळ्यांना एक अक्षर, पण श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून १२ बाइट. सहा ‘श्री’त मर्यादा संपली; त्यापुढे काहीही लिहा, हॅश तोच. टिपणात ‘बाइट’च लिहा.