मोठ्या टँकचं पाणी बदलणं: नळी, पिंप की ठिबक?

काचपेटी:
धागा एका ठाम मतासाठी काढतोय. माशांचा टँक ३०० लिटरच्या पुढे गेला की बादली हे साधनच नव्हे. ४०० लिटरच्या टँकचं निम्मं पाणी म्हणजे २०० किलो वजन: २० लिटरच्या दहा बादल्या बाहेर, दहा आत. कंबर कुरकुरली की माणूस निम्म्यावरून पाववर येतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

हिशेब करून बघा. नायट्रेट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणारं द्रव्य, आठवड्याला १० पीपीएमने (लिटरमागे मिलिग्रॅम) वाढतंय आणि नळाच्या पाण्यात ते अजिबात नाही, असं धरू. दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं तर बदलण्याआधीचा आकडा २० वर स्थिरावतो. पाव बदललं तर ४० वर. दहा टक्क्यांवर भागवलं तर थेट १०० वर. म्हणून भरपूर बदला, आणि ते जमावं म्हणून नळी वापरा.

आधी हीटर आणि फिल्टर बंद. हीटर १५ मिनिटं आधीच, कारण उघडी पडलेली तापली काच गार पाण्याच्या शिंतोड्याने तडकते. सायफनचं, म्हणजे पाणी आपोआप खाली ओढणाऱ्या नळीचं, टोक मोरीत सोडा, खडीतला गाळ ओढत ओढत पाणी निम्म्यावर आणा. क्लोरीन मारायचं औषध नव्या पाण्यापुरतं नाही, पूर्ण टँकच्या मापाने आधी टाका. मग तोटीला नळी जोडून भरा. धार बशीवर पडू द्या, म्हणजे खडी उकरली जात नाही.

पिंपवाला:
काढायला नळी, मान्य. भरायला थेट नळ, साफ अमान्य.

टँक २७ अंश आणि नळ १९ अंश असेल तर निम्मं टाकल्यावर टँक २३ वर येतो. अर्ध्या तासात चार अंश म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला आमंत्रणच. दुसरं, दाबाखालच्या गार पाण्यात हवा जास्त विरघळलेली असते. टँकमध्ये ते तापलं की ती बाहेर पडते. काचेवर बारीक बुडबुडे दिसतात तेव्हा आपल्याला मौज वाटते, पण तेच बुडबुडे कल्ल्यांत आणि परांतही धरतात.

२०० लिटरचं पिंप आदल्या दिवशी भरा, त्यात एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आणि हीटर सोडा. औषध फक्त २०० लिटरचं लागतं. सोडियम थायोसल्फेट वापरत असाल तर १ मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलिग्रॅम, म्हणजे १ पीपीएम क्लोरीनच्या २०० लिटरला १.४ ग्रॅम.

पंप घेताना खोक्यावरच्या 'ताशी २००० लिटर'वर जाऊ नका, तो आकडा शून्य उंचीचा असतो. कमाल हेड (पाणी चढवायची शेवटची उंची) २ मीटर असलेला पंप १.२ मीटर चढवताना जेमतेम निम्मं पाणी देतो. आणि एक जागा सगळ्यांना फसवते: पंप बंद केला, पण नळीचं टोक टँकच्या पाण्यात बुडालेलं राहिलं, की उलटा सायफन सुरू होतो आणि टँक पिंपात उतरून फरशीवर येतो. टोक पाण्याच्या वर बांधा. नाहीतर शेवटच्या पातळीच्या किंचित खाली, टँकच्या आतच, नळीला ३ मिमीचं भोक पाडा. पातळी भोकाखाली गेली की हवा शिरते आणि सायफन तुटतो.

काचपेटी:
हवेचा मुद्दा खरा, पण नळीच्या टोकाला शॉवरची चाळणी लावून फवारत भरलं तर बरीचशी हवा तिथेच निघून जाते. तापमानासाठी गरम-गार मिसळणारी तोटी पुरते. आणि पिंपात रात्रभर हवा मारून साधं क्लोरीन उडेल, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) नाही उडणार. औषध तुम्हालाही टाकावंच लागतं. थायोसल्फेट क्लोरामाइन फोडतं, पण मागे माशांना विषारी अमोनिया उरतो. तो फिल्टरच खातो, पिंप नाही.

थेंबेथेंब:
दोघेही कष्ट कुठे करायचे एवढ्यावरच भांडताय. शेतातला ताशी २ लिटरचा ड्रीपर लावा: दिवसाला ४८ लिटर, आठवड्याला ३३६. टँकच्या बाजूला भोक पाडून ओव्हरफ्लो, म्हणजे जादा पाणी नेणारी नळी, मोरीत सोडा, नळाकडून येणाऱ्या वाटेत क्लोरीन शोषणारा कार्बन फिल्टर बसवा. तापमान हलत नाही, मासे बिचकत नाहीत, रविवार मोकळा.

पिंपवाला:
ठिबकवाल्यांचं एक गणित नेहमी चुकतं. आत आलेलं नवं पाणी जुन्यात मिसळतं आणि ओव्हरफ्लोमधून थोडं नवंही बाहेर जातं. ४०० लिटरमध्ये २०० लिटर ठिबकलं तर जुनं पाणी ५० नव्हे, ३९ टक्केच जातं. निम्मं काढायला २७७ लिटर लागतात. तुमच्या ३३६ मध्ये ५७ टक्के निघतं हे खरं, पण पाणीही तेवढं ओतलंत. शिवाय ओव्हरफ्लो वरचं स्वच्छ पाणी नेतो, तळाचा गाळ जागेवरच. आणि एक पान ओव्हरफ्लोच्या जाळीत अडकलं की रात्रभरात १६ लिटर फरशीवर.

थेंबेथेंब:
गाळासाठी महिन्यातून एकदा सायफन मारावाच लागतो, नाकारत नाही. ओव्हरफ्लो दोन ठेवायचे, वेगवेगळ्या उंचीला. पण १६ लिटरची भीती नळीवाल्यांनी दाखवू नये. मिनिटाला १२ लिटर देणारी तोटी विसरली तर तेवढं पाणी ८० सेकंदांत सांडतं!
आमचं खरं दुखणं वेगळंच आहे. कार्बन संपलाय हे कळत नाही आणि ड्रीपर क्षाराने बुजलाय हेही कळत नाही. दर पंधरवड्याला फिल्टरनंतरच्या पाण्याची क्लोरीन पट्टी बघायची आणि ड्रीपरखाली मोजपात्र धरायचं: १५ मिनिटांत ५०० मिली यायलाच हवं.

नवशिका:
सहा महिने पाणी न बदललेल्या टँकला यातलं काय लावायचं?

पिंपवाला:
पहिल्या दिवशी निम्मं तर मुळीच नको. अशा टँकमध्ये केएच, म्हणजे पीएच सावरून धरणारा पाण्यातला कार्बोनेटचा साठा, संपलेला असतो, पीएच ६ च्या आसपास घसरलेला, आणि फिल्टरचे जिवाणूही मंदावलेले. साठलेला अमोनिया तिथे बहुतेक अमोनियम या फारशा न बाधणाऱ्या रूपात असतो, म्हणून मासे जिवंत दिसतात. ताज्या पाण्याने पीएच ८ कडे उडी मारली की विषारी अमोनियाचं प्रमाण २५ अंशाला सुमारे शंभरपट होतं. 'नवं पाणी टाकलं आणि मासे मेले' ते यामुळे. आधी अमोनिया, केएच आणि पीएच तपासा. मग रोज दहा टक्के, आणि दर वेळी पीएच बघत जा.

थेंबेथेंब:
इथे ठिबकच चपखल बसतं. पहिल्या आठवड्यात ताशी १ लिटर पुरे.

काचपेटी:
निम्मं बदला हे मी सांभाळलेल्या टँकबद्दल म्हणालो होतो, इथे पिंपवाल्यांशी सहमत. फक्त ४०० लिटरचे दहा टक्के म्हणजे ४० लिटर, त्यासाठी ना पिंप लागतं ना ठिबक. दोन बादल्या. हो, बादल्याच. हसू नका.