मदत हवी आहे: दूध काट्याला यूएसबी-सिरियल बोर्ड जोडला, लॅपटॉपवर नुसती अगम्य अक्षरं

दूधवाला_भाचा

नमस्कार मंडळी,

सांगोल्याजवळ मामांचं दूध संकलन केंद्र आहे. तिथला इलेक्ट्रॉनिक काटा एका जुनाट डेस्कटॉपला नऊ पिनांच्या सिरियल पोर्टवर जोडलेला असायचा. काट्यावर कॅन ठेवला की वजन आपोआप पावतीच्या प्रोग्रॅममध्ये यायचं. आता डेस्कटॉपने कायमची मान टाकली आणि लॅपटॉपला असला पोर्ट नाही. म्हणून मी सीएच340 चिपचा छोटा यूएसबी-टीटीएल बोर्ड मागवला, तो सहा पिना आणि पिवळा जंपरवाला.

जुन्या केबलचं डेस्कटॉपकडचं टोक घेतलं. त्यातली पिन 2 बोर्डाच्या आरएक्सडीला (डेटा आत घेणारी पिन) लावली, पिन 5 जीएनडीला (ग्राउंड). काट्याच्या पुस्तिकेत वेग 9600, 8 बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही, 1 स्टॉप बिट असं दिलंय, तेच ठेवलं.

मामेभावाच्या विंडोजवर बोर्डाचा पोर्ट कॉम5 नावाने दिसतो. पुटी (पोर्टवर येणारा मजकूर दाखवणारा प्रोग्रॅम) उघडलं की चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं, मधूनच एखादं युरोपातलं अक्षर. माझ्या उबुंटू 22.04 वर तर पोर्ट क्षणभर उगवतो आणि गायब होतो.

बोर्ड खराब नसावा. बोर्डाची टीएक्सडी (डेटा बाहेर पाठवणारी पिन) आणि आरएक्सडी एकमेकांना जोडले की टाइप केलेलं जसंच्या तसं परत येतं. सध्या सकाळ-संध्याकाळचं सगळं माप वहीत चाललंय आणि मामा म्हणतात, "राहू दे तुझं खेळणं, वहीच बरी."

निळी_पीसीबी

बॉड रेट, म्हणजे तो 9600 वाला वेग, चुकला की असंच होतं. 2400, 4800, 1200 लावून बघ. काही काट्यांना 7 बिट आणि इव्हन पॅरिटी लागते.

दूधवाला_भाचा

सगळे लावून पाहिले दादा. कचरा बदलतो, पण कचराच राहतो. एक गंमत मात्र दिसली. काट्यावर तेच वजन असलं की दर वेळी तोच कचरा येतो, वजन बदललं की कचरा बदलतो.

सोल्डरराव

ही गंमत महत्त्वाची आहे. सैल वायर असती किंवा बाहेरचा विद्युत गोंधळ असता तर कचरा दर वेळी वेगळा आला असता. काटा बरोबर बोलतोय, तुमचा बोर्ड ते उलटं ऐकतोय.

आधी आरएक्सडीची वायर काढा. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून केबलच्या पिन 2 आणि 5 मधला विद्युत दाब (व्होल्टेज) मोजा, काळी प्रोब 5 वर. काटा सुरू असावा. आकडा सांगा, तोवर सॉफ्टवेअरला हात लावू नका.

दूधवाला_भाचा

उणे 8.6 व्होल्टच्या आसपास. डेटा जाताना थोडा हलतो. उणे कसं काय?

सोल्डरराव

कारण ते आरएस-232 आहे, म्हणजे जुन्या सिरियल पोर्टची सिग्नल पाठवायची पद्धत. त्यात 1 म्हणजे उणे दाब आणि 0 म्हणजे अधिक दाब, साधारण 3 ते 15 व्होल्टच्या पट्ट्यात. लाइन गप्प असते तेव्हाही उणेच. तुमच्या बोर्डाचं टीटीएल याच्या नेमकं उलट: 1 म्हणजे 3.3 किंवा 5 व्होल्ट, 0 म्हणजे शून्य. विक्रेते दोन्हीला सरसकट 'यूएसबी टू सिरियल' म्हणून विकतात, हा वैताग जुना आहे. शिवाय असला उणे दाब चिपच्या पिनला सोसवेलच असं नाही. टीएक्सडी-आरएक्सडी जोडून केलेली ती चाचणी (लूपबॅक) पुन्हा एकदा करून बघा, पास झाला तर चिप वाचली.

मध्ये मॅक्स3232 चं छोटं मॉड्यूल लावा. ही चिप 3 ते 5.5 व्होल्टवर चालते आणि दाब आणि त्याची उलटी दिशा दोन्ही बदलून देते. बोर्डाचा जंपर 5 व्होल्टवर राहू द्या, मोकळ्या 3व्ही3 पिनवरून मॉड्यूलला वीज द्या, जीएनडी एकत्र करा. मॉड्यूलचा टीटीएल बाजूचा आउटपुट बोर्डाच्या आरएक्सडीला जाईल. छापलेल्या टीएक्सडी-आरएक्सडी नावांचा भरवसा धरू नका, प्रत्येक मॉड्यूलवर वेगळा अर्थ असतो.

एक मेख आहे. बऱ्याच मॉड्यूलना मादी (भोकांचा) कनेक्टर असतो आणि तुमच्या केबलचं ते टोकही मादीच असणार. दुकानदार दोन मादी टोकं जोडणारा जेंडर चेंजर गळ्यात मारेल. घेऊ नका. मादी कनेक्टरच्या मॉड्यूलवर पिन 2 हा सहसा आउटपुट असतो, आणि केबलच्या पिन 2 वरही काटाच पाठवतोय. दोन आउटपुट समोरासमोर येतील. जंपर वायरने केबलची पिन 2 मॉड्यूलच्या पिन 3 ला जोडा, 5 ची 5 ला.

जुना_खटका

उबुंटूचा घोळ वेगळा आहे. तिथे अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी बीआरएलटीटीवाय नावाचं पॅकेज असतं. काही ब्रेल डिस्प्लेमध्ये हीच चिप आहे, म्हणून 1ए86:7523 हा आयडी दिसला की ते पोर्ट स्वतःकडे ओढून घेतं. कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये त्याचं नाव सापडेल. त्या लॅपटॉपवर कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर पॅकेज काढून टाका. वापरत असेल तर फक्त त्या आयडीचा युडेव्ह नियम (जोडलेल्या उपकरणाचं काय करायचं ते ठरवणारा) बंद करा.

त्यानंतर 'परवानगी नाही' असं आलं तर स्वतःला डायलआउट गटात (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या युजरांचा गट) टाका आणि लॉगआउट करून परत या. लॉगआउट न करता लोक तासभर डोकं आपटतात.

विंडोजवर बोर्ड नेहमी एकाच यूएसबी खाचेत लावा. या चिपला सहसा स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे खाच बदलली की कॉम नंबर बदलतो आणि पावतीचा प्रोग्रॅम मुका होतो.

दूधवाला_भाचा

मॉड्यूल पंढरपुरातून आणलं. लूपबॅक पास. सोल्डरराव म्हणाले तशी 2 ची 3 ला जोडली आणि पहिल्याच कॅनला वजन स्वच्छ आलं! उबुंटूवरही पोर्ट टिकतोय. दोघांचेही आभार.

आता एकच राहिलं. ओळीच्या सुरुवातीला कधी 'एसटी' येतं, कधी 'यूएस'. आणि कॅन ठेवताना प्रोग्रॅम भलतंच वजन उचलतो.

सोल्डरराव

एसटी म्हणजे वजन स्थिर, यूएस म्हणजे काटा अजून हलतोय. प्रोग्रॅममध्ये फक्त एसटीच्या ओळी घ्या. पण रिकाम्या काट्याचं शून्यही स्थिरच असतं, तेव्हा किमान वजनाची अटही घाला. आणि एकदा उचललेलं वजन काटा शून्यावर येईपर्यंत पुन्हा घेऊ नका, नाहीतर एकाच कॅनच्या दोन पावत्या निघतील.

पुढे दुधातलं फॅट मोजायचं मशीन जोडायचं असेल तर त्याचाही दाब आधी मोजा.