तुमच्या बाळाचे दात किडले होते का? अनुभव लिहा

लेकीच्या वरच्या चारही दातांना कीड लागली, तेव्हा जगात आपणच एक नालायक आई आहोत असं वाटायचं. म्हणून हा धागा. उपदेश नकोत, घडलं ते लिहा.

सुरुवात मीच करते. पावणेदोन वर्षांची होईपर्यंत ती दुधाची बाटली तोंडात धरूनच झोपायची. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर दूध चिकटलंय समजून मी ती ओल्या फडक्यानं पुसत बसले. काही महिन्यांत तिथेच तपकिरी खड्डे! खालचे दात मात्र स्वच्छ. डॉक्टर म्हणाल्या, चोखताना खालच्या दातांवर जीभ येते, लाळही तिथे भरपूर. वरच्यांना कोणी वाली नाही. त्यात झोपेत लाळ कमी सुटते, दूध दातांभोवती साचून राहतं. बाटली सोडवायला आठ रात्री लागल्या. पहिल्या तीन रात्री दोघीही रडलो.

*

आमच्याकडे एकच पालुपद, ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत.’ मीही मान डोलावली. चौथ्या वर्षी एका सकाळी मुलाचा गाल टम्म सुजलेला. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात, हे तेव्हा कळलं. एक काढावी लागली. शेजारचे दात सरकून खालून येणाऱ्या दाताची जागा अडवू नयेत म्हणून आता तिथे तारेचा स्पेसर आहे.

*

बाटली कधीच दिली नाही, तरी कीड! सतत खोकला, म्हणून रोज झोपताना गोड सिरप. त्यावर साधं पाणीही पाजलं नाही.

*

बाबा लिहितोय. ब्रश मीच करतो. तो स्वतः करतो म्हणजे ब्रश चावतो. माझ्या मांडीवर डोकं, मी मागून ओठ उचलतो. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीतली ब्रशभर पेस्ट विसरा.

*

दोन वर्षांच्या पोराला भूल द्यायला मन धजेना. डॉक्टरांनी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावलं. कीड थांबली, पण किडलेला भाग काळाकुट्ट झाला. हसला की नातेवाईक विचारतात. विचारू देत.

*

सहाव्या वर्षी एकही दात न पडता अगदी मागे नवी दाढ आली. दुधाचीच समजून दुर्लक्ष केलं. ती कायमची होती, हे तिच्यात सिमेंट भरून घेताना कळलं.