गुढीपाडव्याला ठेका किती वाढवायचा, हे एकट्या मालकाने ठरवायचे का?

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)
सहा एकर वावर चार वर्षांपासून ठेक्याने, म्हणजे मालकाला वर्षाचे ठरलेले पैसे देऊन, करतो. ठेका एकरी 14,000 होता. आता मालक म्हणतात 19,000 द्या, नाहीतर पाडव्याला वावर सोडा. कारण काय, तर शेजारच्या गावात तोच भाव निघाला.

मागच्या हंगामात सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग आला, नंतर पावसाने शेंगा काळ्या पडल्या. एकरी चार क्विंटल सोयाबीन झालं. हमीभाव 5,328 होता, पण सरकारी खरेदीला नोंदणी मालकाच्या सातबाऱ्यावर होते आणि ते यायला तयार नव्हते. व्यापाऱ्याला 4,050 ने घातलं. म्हणजे एकरी 16,200. त्यातले 14,000 ठेक्यात आधीच गेलेले. बियाणं, खत, फवारणी, थ्रेशर कशातून भागवायचं? अतिवृष्टीची मदतही मालकाच्याच खात्यात जमा झाली.

माझं म्हणणं एवढंच की ठेका तीन वर्षांसाठी लिहून ठरवा. वाढ किती ते आधीच सांगा. पीक बुडालं तर सूट किती, तेही त्यातच लिहा.

आईची चार एकर (अमरावती)
तुमची अडचण खरी आहे, पण आमचीही ऐका. बाबा गेल्यावर आईचा महिना त्या ठेक्यावर चालतो. पाच वर्षं आम्ही 10,000 च घेतले. या वर्षी गावातलेच दोघे आपण होऊन 17,000 द्यायला आले. भाव मालकाने वाढवला की कास्तकारांनीच एकमेकांवर चढवला?

आणि लिहून द्यायची भीती उगाच नाही. विदर्भासाठी 1958 चा कुळकायदा आहे. कसणाऱ्याचं नाव कागदावर चढलं की कुळ लागेल आणि जमीन हातची जाईल, ही धास्ती माझ्या आजोबांपासून घरात आहे. दरवर्षी माणूस बदला, असं ते सांगायचे.

वऱ्हाडी गडी
भाऊ, ठेका कायले पाहिजे? बटईनं करा. खत-बियाणं निम्मं-निम्मं, मेहनत आपली, माल निम्मा. पिकलं तं दोघायचं, बुडालं तं दोघायचं. भाववाढीचा झगडाच राहत नाही.

आईची चार एकर
दादा, अमरावतीत बसून थ्रेशरपाशी पोती कोण मोजणार? बटई गावात राहणाऱ्या मालकाला जमते.

माजी तंटामुक्ती सदस्य (वाशीम)
आमच्या समितीपुढे ठेक्याची भांडणं यायची. दोघंही खरं बोलत असायचे, पण कबुली तोंडी. एक म्हणे 12 हजार ठरले, दुसरा म्हणे 15 हजार. कागदच नाही, तर समिती काय आणि तहसीलदार काय, कशावरून निकाल देणार? ठेक्याने करणाऱ्यालाही पीकविमा काढता येतो, पण त्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. कागद टाळला की विमाही गेला. ठेक्याने दिलं म्हणून मालकी जात नाही, असं स्पष्ट सांगणारा नमुना कायदा नीती आयोगाने 2016 मध्येच तयार केला. ती हमी आपल्याकडच्या कायद्यात ठसठशीत यायला हवी, तेव्हाच मालक सही करेल.

धुऱ्यावरचा
ताई, चढाओढ आमच्यातच आहे, हे कबूल. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो जास्त बोली लावतो, आम्ही मागे पडतो. म्हणून 14,000 वर कायमचं अडून बसत नाही. या पाडव्याला 15,500 देतो. निम्मे आत्ता, निम्मे माल विकल्यावर. मालकाने खरेदी केंद्रावर नोंदणी करून द्यावी आणि मदत आली तर अर्धी द्यावी.

आईची चार एकर
निम्मे नंतर, हे आईला चालेल. अर्धी मदतही देऊ, शब्द देते. पण सही नको.

धुऱ्यावरचा
ताई, अर्ध्या मदतीचा शब्द मला मागच्या जूनमध्येही मिळाला होता. वखर चालू असताना, धुऱ्यावर उभं राहून.