बेटकुळी, बायसेप्स आणि पिटुकला उंदीर

परवा आमच्या पेठेतल्या तालमीबाहेर सहा-सात वर्षांचा एक पोरगा दंड मुडपून मित्राला दाखवत होता, "बघ माझी बेटकुळी!" बेटकुळी शोधावीच लागली असती, पण शब्द ऐकून बरं वाटलं. हल्ली पुण्यातल्या जिममध्ये सगळे ‘बायसेप्स’च म्हणतात.

बेटकुळी म्हणजे बेडकुळी, लहानसा बेडूक. मूठ आवळून कोपर दुमडलं की कातडीखाली काहीतरी टुणकन वर येतं, त्यात आपल्या लोकांना बेडूक दिसला. उच्चारात ‘ड’चा ‘ट’ झाला आणि बेडूक लपला.

रोमन लोकांना तिथे उंदीर दिसला! ‘मसल’चं मूळ लॅटिन ‘मुस्कुलुस’. ‘मूस’ म्हणजे उंदीर, पुढचा प्रत्यय लहानपणाचा. थोडक्यात, पिटुकला उंदीर. ग्रीकमध्येही उंदीर आणि स्नायू यांना एकच शब्द. मायोकार्डियम (हृदयाचा स्नायू), मायाल्जिया (स्नायूदुखी) यांतला ‘मायो’ तोच. आपला मूषकही याच कुळातला. म्हणजे गणपतीचं वाहन आणि डॉक्टरांचं ‘मसल पेन’ हे लांबचे नातेवाईक.

‘बायसेप्स’ त्यामानाने रुक्ष. लॅटिन ‘बि’ म्हणजे दोन, ‘कापुत’ म्हणजे डोकं. या स्नायूची वरची दोन टोकं खांद्याच्या फऱ्याला जोडलेली, म्हणून द्विशिरस्क. वर्णन अचूक, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. आणि तो ‘स’ अनेकवचनाचा नाही, त्यामुळे ‘एक बायसेप’ म्हणणं मूळ लॅटिनला धरून नाही.

यावर वाचकांशी झालेला संवाद:

— वाचक: ‘स्नायू’ म्हणालात म्हणून विचारते. सुश्रुतसंहितेत पेशी 500 आणि स्नायू 900 असे वेगळे मोजलेत. तिथे स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे तंतू, मसलला पेशी. मराठीत हे उलटंपालटं कसं झालं?

— मी: मुद्दा बरोबर. बंगालीत तर ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू! पण मराठीत नुसतं ‘पेशी’ म्हटलं की शाळेतली सूक्ष्मदर्शकाखालची पेशी आठवते, म्हणून माझं मत ‘स्नायू’लाच.

— वाचक: आणि पोटरी? डॉक्टर तिथल्या स्नायूला गॅस्ट्रोक्निमियस म्हणतात, ग्रीकमधून आलेला शब्द: ‘गास्तेर’ म्हणजे पोट, ‘क्नेमे’ म्हणजे गुडघ्याखालचा पाय. पायाचं पोट! आपल्या पोटरीतही पोट दिसतंच आहे. कणीस बाहेर पडायच्या आधी ज्वारीचं ताट वरच्या बाजूला फुगतं, तेव्हा आमच्या गावाकडे म्हणतात, ‘ज्वारी पोटरीत आली.’